डॉट मॅट्रिक्सचे वारसदार

घरात एक हट्टी माणूस आणि एक जुना प्रिंटर असला की किस्से आपोआप साचतात. माझ्याकडे दोन्ही आहेत. हल्ली लोक येतात ते ह्यांची तब्येत बघायला. तब्येतीवर बोलण्यासारखं काही उरलेलं नाही, मग मी आपली किस्से सांगत बसते. तुम्हीही बसा, चहा टाकलाय.

आधी माणसं सांगते. आमचे हे, म्हणजे वसंत. दुसरे बोरिवलीचे दिघे. तिसरे मढचे हरी कोळी. तिघं अंधेरीच्या एका कंपनीत कॉम्प्युटर सेक्शनला. घरी कॉम्प्युटर असणं म्हणजे मोठी गोष्ट होती, त्या काळात तिघांनी एकाच दुकानात घासाघीस करून एकसारखे तीन प्रिंटर घेतले. डॉट मॅट्रिक्स! दोन्ही कडांना भोकं असलेला तो लांबलचक कागद आणि छापताना कर्रर्र कर्रर्र आवाज! पुढे कॉम्प्युटर किती आले नि किती भंगारात गेले, प्रिंटर मात्र तेच. आमचा तर इथे मुलुंडला, हॉलमध्ये, टीव्हीपेक्षा मानाच्या जागी बसलाय.

*

शेजारच्या नेहाला बाळ झालं तेव्हा ह्यांनी स्वतःहून प्रिंटर बंद ठेवला. म्हटलं, चला, एवढी तरी अक्कल आहे. दोन-तीन दिवसांत नेहा दारात. केस विस्कटलेले, डोळे लाल.

"काका, प्लीज काहीतरी छापा ना! पोटात असल्यापासून ऐकतोय हा. त्या आवाजाशिवाय झोपतच नाही!"

झालं! आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! सोसायटीची पाण्याची टाकी धुवायची नोटीस होती, ती हे दुपारभर छापत बसले. संध्याकाळी चेअरमन गठ्ठा हातात घेऊन वर आले.

"वसंतराव, टाकी एकच आहे हो आपली!"

*

प्रिंटरची रिबन आता कुठे मिळत नाही. मिळाली तर सुकलेली. मग हे काय करतात, रिबन बाहेर काढून तिला स्टॅम्प पॅडची शाई पाजतात, आणि वाळत घालतात. कुठे? माझ्या गॅलरीतल्या कपड्यांच्या दोरीवर!

भाचीच्या लग्नाला निघालो. ह्यांचा पांढरा शर्ट दोरीवरून काढला तर पाठीवर दोन जांभळे पट्टे. दुसरा शर्ट इस्त्रीला गेलेला. म्हटलं, आता तिथे भिंतीला पाठ लावून उभे राहा. पण हे कसले राहतात! मुलाकडचे एक गृहस्थ कौतुकाने म्हणाले, "वा, अशी लायनिंग हल्ली बघायला मिळत नाही!"

"मिळणार नाहीच," हे म्हणाले. "मी घरी करतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

*

हरीभाऊजींच्या मढला बंगल्यांमधून शूटिंगं चालतात. एका शूटिंगला जुनं ऑफिस दाखवायचं होतं, म्हणून त्यांचा प्रिंटर भाड्याने नेला. भाऊजी नवा शर्ट घालून सोबत गेले. पहिलाच शॉट. हिरो बोलायला लागला आणि प्रिंटर कर्रर्र! डायरेक्टर ओरडला, "अरे, बंद करा ते!"

मग भाऊजींना टेबलाखाली आडवं पडायला लावलं. प्रिंटर बंद, आणि भाऊजी खालून हळूहळू हाताने कागद सरकवतायत! सगळं उरकल्यावर विचारलं, आवाजाचं काय? तर म्हणे, तो नंतर डबिंगमध्ये टाकू.

तेव्हापासून भाऊजी ज्याला त्याला सांगतात, "अख्खं काम आमच्या प्रिंटरने केलं, आणि आवाज दुसऱ्याचा!"

*

आता जरा वाईट किस्सा. तिघांचा एक नियम होता. माझ्याच डायनिंग टेबलावर, माझेच बटाटेवडे खाताना ठरलेला. जो आधी जाईल त्याचा प्रिंटर उरलेल्यांनी खोलायचा आणि पार्ट वाटून घ्यायचे. बाहेर पार्ट मिळणं बंद झालं होतं ना! मी म्हटलंसुद्धा, "शुभ बोल रे नाऱ्या!" तर तिघं हसले.

दिघे गेले. हार्ट. सकाळी दूध आणायला म्हणून उठले ते तिथेच. तेरावं झाल्यावर दिघेवहिनींनीच बोलावलं. "घेऊन जा हो, मला बघवत नाही तो."

दोघांनी तिथेच खोलला. मीही सोबत गेले होते. हरीभाऊजींना मोटर, ह्यांना गिअर. वहिनी आतल्या खोलीतून बाहेर आल्याच नाहीत. परत येताना रिक्षात ह्यांनी ती पुडी छातीशी धरलेली. बोरिवली मागे पडली तेव्हा म्हणाले, "दिघ्याचा गिअर माझ्यात अगदी फिट बसेल बघ."

'माझ्या प्रिंटरमध्ये' नाही. 'माझ्यात'! रिक्षावाला आरशातून ह्यांच्याकडे बघत राहिला. मी रस्त्याकडे तोंड केलं आणि रडून घेतलं.

*

मग ह्यांच्या किडन्यांनी हात वर केले. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आणि त्याच सुमाराला हरीभाऊजींच्या प्रिंटरचं हेड गेलं. हेड म्हणजे तो लहानसा ठोकळा, ज्यातल्या बारीक सुया रिबनवर आपटून अक्षर उमटवतात. ते गेलं की प्रिंटर म्हणजे नुसतं खोकं.

ह्यांची नि दिघ्यांची हौस म्हणा, पण भाऊजींचं तसं नाही. रिटायर झाल्यापासून ते मच्छीमार सोसायटीच्या लिलावाच्या चिठ्ठ्या त्या प्रिंटरवर छापून देतात, त्याचे पैसे मिळतात. एका फटक्यात तीन कॉपी, मध्ये कार्बन. मुलाने नवा प्रिंटर आणून दिला होता. पण मासळीचा ओला हात लागला की शाई पसरते. त्यांच्या बायकोने, पार्वतीने, पहिल्याच दिवशी तळहात दाखवला. "चिठ्ठी कागदावर छापता की माझ्या हातावर?"

भाऊजींनी अंधेरी पालथी घातली, देवनारचे भंगारवाले झाले, वाकोल्याचा एक मेकॅनिक तर म्हणाला, "अंकल, म्यूझियम में दे दो." थोडक्यात काय, चालणारं एकच हेड उरलंय. आमच्या हॉलमध्ये.

आले एकदा. बसले, चहा घेतला, आणि मग कसंबसं म्हणाले, "वश्या, तू आता कुठे छापतोस रे? हेड दे ना."

"मी असेपर्यंत नाही," हे म्हणाले.

"बरं," भाऊजी म्हणाले. "थांबतो मग."

बोलून गेले आणि मग कळलं, आपण काय बोललो ते! चेहरा पांढराफटक. "वैनी, आईशपथ, मला तसं नव्हतं..." आणि हे हसायला लागले. इतके हसले, इतके हसले की ठसका लागून पाणी द्यावं लागलं. कितीतरी महिन्यांनी हसले असतील.

त्यानंतर भाऊजींनी हेडचं नाव काढलं नाही. उलट दर भेटीला कुठून कुठून रिबन शोधून आणतात, ह्यांचा प्रिंटर चालू राहावा म्हणून. चिठ्ठ्या हाताने लिहितात बिचारे. एकदा जिन्यापर्यंत गेले, परत वर आले आणि दारातूनच म्हणाले, "वश्या, मला काही घाई नाही हां!"

मी मात्र रोज भांडायचे. "अहो, त्यांचं पोट आहे त्यावर. तुम्ही काय करता? आठवड्यातून एकदा एबीसीडी छापता! देऊन टाका तो डबा!" हे भिंतीकडे तोंड करून पडायचे. चीड यायची मला. खरंच, फार चीड यायची.

*

मागच्या शुक्रवारी डायलिसिसहून आले ते खूप थकून. मी मेथी निवडत बसले होते. हे बराच वेळ प्रिंटरकडे बघत होते.

"अगं, हरीला फोन लाव," म्हणाले. "म्हणावं, ये आणि हेड घेऊन जा."

माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. "का? बिघडला का?"

"नाही गं. मस्त चालतोय. म्हणूनच म्हणतो, लाव फोन."

मी फोन घेऊन गॅलरीत गेले. कानाला लावून उभी राहिले. नंबर नाही लावला. जरा वेळाने आत आले आणि म्हटलं, "मढला रेंज नाहीये हो."

"बरं," हे म्हणाले. "उद्या लाव."

हरीभाऊजींचा रोज संध्याकाळी फोन येतो, वश्या कसा आहे विचारायला. मी तो किचनमध्ये जाऊन घेते, दार लोटून.

आज मंगळवार. हे रोज विचारतात. मढला अजून रेंज आलेली नाही.