उंदरांच्या मागे माझा नंबर

सन दोन हजार पंचवीस, आणि मी एकोणऐंशीचा. दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे आमच्या गावची जत्रा, आटोपली होती, धान खळ्यावर येऊन राहिला होता, तेव्हा नागपूरहून फोन आला की मोरेश्वर गेला. मोरेश्वर म्हणजे माझा साळा, माझ्या बायकोचा, सुमनचा, धाकटा भाऊ. झोपेतच गेला म्हणाले. सुमन चुलीजवळ बसून राहिली. मी बैलांना पेंडी टाकून आलो, मग पुन्हा टाकायला गेलो... बैल माझ्याकडे बघत राहिले.

मी तिसरीत शाळा सोडलेला माणूस. सुई टोचणारे शाळेत आले तेव्हा खिडकीतून उडी मारून पळालो, तो परत गेलो नाही. त्यानंतर अंगाला सुई लागू दिली नाही. कोरोनात अख्ख्या गावानं घेतली, मी नाही. मोरेश्वर माझ्या उलट. शिकत शिकत प्रयोगशाळेत गेला. लग्नापासून त्याची एकच थट्टा, "भाऊजी, एका सुईनं तुमचं सारं शिक्षण खाल्लं जी."

"मंग तू बिनसुईचं औषध काढ. पयला थेंब मी घेतो," मी म्हणालो होतो. शब्द दिला तो दिला.

पुढे त्याचं काम खरंच तिकडे वळलं. नाकात टाकायची लस. एका मंडईत पळसाच्या पानात बांधलेली जिलबी हातावर धरून त्यानं मला समजावलं. अंगातली पेशी अशाच बारीक पुड्या बांधते आणि दुसऱ्या पेशीला पाठवते. पुडी घरचीच, म्हणून अंग तिला दारात अडवत नाही. "आमी त्या पुडीत रोगाची नुसती खूण घालतो. समजा, चोराची चप्पल. चोर नाही. घरचे वास घेऊन ठेवतात, मंग खरा चोर आला का धरतात."

"कुत्र्यावानी."

"तसंच. आता जिलबी खाऊ द्या."

तेव्हापासून दर मंडईला तो आला की मी ओसरीवरूनच विचारायचो, "झालं का माझं औषध?"

"उंदरापर्यंत पोचलं."

"काऊन? उंदराले माझ्या आधी काऊन?"

"उंदीर खिडकीतून उडी मारून पळत नाही जी." सुमन हसून हसून पदर तोंडाला लावायची. किती वर्षं हेच चाललं. पुडी कधी फुटायची, कधी भलत्याच ठिकाणी पोचायची. तो पुन्हा बांधायला बसायचा. माझ्यासारखाच हट्टी. सुमनकडचा गुण नव्हे तो, माझाच लागला असेल.

गेल्या हिवाळ्यात माझी छाती भरली, श्वास पुरेना. यंदाच्या मंडईला तो म्हणाला, "भाऊजी, माझी पुडी तुमच्यापर्यंत लवकर येत नाही. छातीसाठी दुकानात मिळते ती सुई घ्या. सुमनबाई एकटी पडंल."

"तुझंच घेईन," मी म्हणालो. तो मंडईतलं नाटक, दंडार, बघत बसला, दंडारीतल्या राजाची मिशी गळून पडली तेव्हा दोघंही मोठ्यानं हसलो. तीच शेवटची भेट. चांगली झाली.

नागपूरला तेरवीला त्याच्या हाताखाली शिकलेली एक पोरगी आली. मी विचारलं, "आता त्या पुड्यांचं काय?"

"काम बंद नाही, आजोबा. पण माणसांपर्यंत यायला वर्षं लागतील."

"माझा नंबर येईल ना?"

ती सुमनकडे बघून म्हणाली, "तोवर तुम्ही असलात तर..."

ते खरं होतं. शब्द पाळायचा तर आधी असायला पाहिजे. माणूसच नसला तर रांगेत उभं कोण राहणार?

गावी परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुमनला न सांगता पहिल्या एसटीनं तालुक्याला, गोरेगावला गेलो, डॉक्टरसमोर बाही वर केली, खिडकीकडे पाठ करून बसलो आणि म्हणालो, "टोच."