वहिनींची निरोपाची वही

त्या काळी दिल्ली ते पानिपत या टापूत जी काही माणसं एकमेकांशी धड बोलत होती, ती केवळ आमच्या वहिनींमुळे, असं माझं प्रामाणिक मत आहे. टेलिफोन खात्याचाही थोडा हात असेल, नाही म्हणत नाही.

वहिनी म्हणजे आमच्या साहेबांच्या थोरल्या भावाची बायको. उदारीकरणाची वर्षं होती, जो तो कंपनी काढत होता, तशी साहेबांनीही काढली. पानिपतच्या कारखान्यांतली सूत रंगवायची यंत्रं दुरुस्त करायची, एवढंच काम. ऑफिस असं नव्हतंच. साहेब दिल्लीभर गिऱ्हाइकांकडे फिरत, मी गाझियाबादेत भाड्याच्या खोलीत, माझा जोडीदार मेकॅनिक चौधरी फरिदाबादला. सगळ्यांना जोडणारी वस्तू एकच, नोएडाच्या नव्या सेक्टरातल्या वहिनींच्या फ्लॅटमधला फोन. आम्ही बूथवरून त्यांना निरोप सांगायचा, त्यांनी तो वहीत लिहून ज्याचा त्याला द्यायचा, आणि दिला की पुढे लाल पेन्सिलीने खूण करायची.

पण वहिनींना निरोप देणं ही सोपी गोष्ट नव्हती. आधी जेवलास का, हा प्रश्न. नाही म्हटलं की फोन ठेवून देत. खाऊन ये, मग सांग. ‘अर्जंट’ हा शब्द वहीत लिहायला त्यांचा साफ नकार असे. एकदा चौधरीने पंप जळाल्याची बोंब ठोकली, तेव्हा त्यांनी शांतपणे प्रश्न विचारायला सुरुवात केली. वास आला का, धूर निघाला का, शेजारचं यंत्र चालू आहे का? तिसऱ्या प्रश्नाला त्याच्या लक्षात आलं की कारखान्याची वीजच गेली आहे. “भाभीजी के सामने तो मशीन भी सच बोलती है,” असं तो पुढे सांगत फिरायचा. शिवाय निरोप लिहून झाला की त्या तो आपल्यालाच वाचून दाखवत. आपला संताप त्यांच्या मऊ आवाजात ऐकला की आपलीच आपल्याला लाज वाटे. साहेबांनी आमची अक्कल काढलेली असली, तरी आमच्यापर्यंत एवढंच यायचं की भाऊजी म्हणतायत, एकदा पुन्हा बघ.

एकदा मात्र साहेब मला समोरासमोर भेटले आणि घोटाळा झाला. पंपाचा सुटा भाग मागवायला विसरले ते स्वतः, आणि कारखान्याच्या मालकासमोर बोलणी बसली मला. मी तडक बूथ गाठला.

“साहेबांना म्हणावं, उद्यापासून मी येणार नाही.”

वहिनींनी लिहून घेतलं, वाचून दाखवलं. त्या दिवशी मला लाज वाटली नाही. पुण्याला परत जायचं ठरवून मी ट्रंक भरली.

सकाळी निरोप पोचला का, हे विचारायला फोन केला.

“अरे, तू अजून घरीच? भाऊजी सुटा भाग घेऊन पानिपतला गेलेत. त्यांना एकट्याला जमणारे का ते?”

मला वाटलं, माझा निरोप ऐकूनही हा माणूस स्वतः गेला, म्हणजे त्याला वाईट वाटलेलं दिसतंय. ट्रंक तशीच ठेवून मी बस धरली. साहेबांनी पाना माझ्या हातात दिला. दुपारी पराठे मागवले. त्या नोकरीत मी पुढे अकरा वर्षं काढली.

मोबाइल आले आणि वहिनींचा फोन मुका झाला. मुलाकडे बंगलोरला कायमच्या जाताना त्यांनी ती वही माझ्या हवाली केली. म्हणाल्या, रद्दीत घालवत नाही मला. मी घरी येऊन तो दिवस शोधला. माझ्या ओळीखाली त्याच संध्याकाळचा साहेबांचा निरोप होता: ‘त्याला म्हणावं, उद्यापासून येऊ नकोस.’ आमचं दोघांचं इतकं एकमत त्याआधी कधी झालं नव्हतं. दोन्ही ओळींपुढे लाल खूण नव्हती.

आता माझ्या हाताखालची माणसं आपापल्या घरून काम करतात, आणि बोट उचलायच्या आत निरोप पोचतो. अशा वेळी वहिनींची फार आठवण येते. रागाने काही लिहिलं, तर मी ते आधी स्वतःलाच मोठ्याने वाचून दाखवतो, आणि जेवून घेतो.