खुंटाळ्याचं खत

राहीबाईचा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. डेअरीत दूध घालताना फॅटच्या मशीनवरचा आकडा ती डोळे बारीक करून वाचते आणि मग मशीन चालवणाऱ्या माणसाच्या तोंडाकडं बघत उभी राहते. शेजारणीनं पुरणपोळ्या पाठवल्या, तर आज हिला आपल्याकडनं काय पाहिजे असेल हा विचार आधी आणि पोळी नंतर. लस टोचायला नर्सबाई आली होती, तेव्हा 'आदी तुमच्या दंडावर कुटं टोचलीय ती जागा दावा' म्हणून तिनं तिला दारात अडवून धरलं होतं. नवरा नाथाजी म्हणायचा, हिला देवळात नेली तर ही आधी पुजाऱ्याची पिशवी तपासेल. तो आता नाही. मुलगा शिवतेज फौजेत आहे आणि सून त्याच्याबरोबर असते. त्यामुळं घरात राहीबाई, तिची म्हैस आणि तिचा संशय अशी तिघंच राहतात.

हे घर पुनर्वसनाच्या वसाहतीत आहे. शिराळ्याच्या पश्चिमेला, चांदोलीच्या अंगाला डोंगर चढायला लागतो, तिथं ही वसाहत. रस्ते सरळ, घरं ओळीत. गाव आपोआप इतकं सरळ होत नसतं. इथली माणसं मूळची वर जंगलातल्या खुंटाळ्याची. तिथं अभयारण्य झालं आणि माणसांना खाली आणून या ओळीत बसवलं. त्याला आता बरीच वर्षं झाली, पण आजही 'गावाला' म्हटलं की राहीबाईचं बोट डोंगराकडं जातं.

श्रावणातल्या एका उघडिपीच्या सकाळी तिच्या दारात एक पोरगी येऊन उभी राहिली. पायात गुडघ्यापर्यंत गमबूट, हातात खुरपं, खांद्याला पिशवी. नाव भार्गवी, राहणार सांगली, कॉलेजात संशोधन करते, असं तिनं सांगितलं. बोलणं गोड होतं. गोड बोलणं राहीबाईला मुळातच आवडत नाही.

"मावशी, तुमचा उकिरडा जरा बघू देता का?"

आता उकिरडा बघायला सांगलीहून कोण येतं? राहीबाईनं पोरीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"उकिरड्यात काय सोनं हाय व्हय?"

भार्गवीनं हसून फोनवर एक फोटो दाखवला. बोटभर जाड, जांभळट काळं, अंगभर बारीक वळ्या पडलेलं, गांडूळ म्हणावं तर मोठं आणि साप म्हणावं तर खवलं नसलेलं. "याला देवगांडूळ म्हणतात. पण हे गांडूळ नाही आणि सापही नाही. बेडकाच्या नात्यातलं आहे, नुसते पाय नाहीत. विष नसतं. ओल्या मातीत, शेणखताखाली राहतं. लोक साप समजून ठेचतात, म्हणून कुठं कुठं उरलंय ते आम्ही बघतोय. तुम्ही कधी बघितलंय?"

राहीबाईनं ते दरवर्षी बघितलं होतं. गोठ्याचं पाणी जिथनं उकिरड्यात उतरतं, तिथं कडेला एक चपटा दगड आहे आणि त्याच्या खालीच ते असतं. वसाहतीत सगळे त्याला दुतोंडं म्हणतात. बाकीचे दिसलं की मारतात, पण नाथाजीनं कधी मारू दिलं नाही. उकिरड्याची राखण करतंय, राहू दे, म्हणायचा. या पावसाळ्यात तर त्यानं दगडाखाली अंडी घातली होती. राहीबाईनं दगड उचलला, तेव्हा ते अंड्यांभोवती वेटोळं घालून बसलं होतं, आणि तिनं दगड पुन्हा हळूच टेकवला होता.

"न्हाई बा," ती म्हणाली. "कवाच न्हाई."

भार्गवीला वाटलं, मावशींना आपली ओळख पटत नसेल. म्हणून तिनं पिशवीतून परवानगीचा कागद काढून पुढं केला. त्यावर वनखात्याचा गोल शिक्का होता. पिशवीतनं कागदाबरोबर मोजायची टेपही बाहेर लोंबत आली. शिक्का आणि टेप, दोन्ही एकदम दिसल्यावर राहीबाई दोन पावलं मागं सरली.

कारण खुंटाळ्यातही सुरुवात अशीच झाली होती. पहिल्यांदा आले ते पाखरं मोजणारे. भली माणसं होती. तिच्याच पडवीत उतरली, तिच्या हातची नाचणीची भाकरी वाखाणून खाल्ली, आणि कुठल्या झाडावर कुठलं पाखरू बसतं ते तिनं त्यांना हौसेनं दाखवलं. त्यांच्यामागनं टेप घेऊन दुसरे आले, मग नकाशे घेऊन तिसरे. शेवटी ट्रक आले. पाखरं मोजणाऱ्यांनी ट्रक बोलावले की नाही, हे तिला आजवर कुणी सांगितलेलं नाही. पण आपण ती पाखरं दाखवली नसती तर, हा विचार तिच्या डोक्यातनं गेलेला नाही.

आणि आता ही पोरगी दुतोंडं शोधत आली होती. म्हणजे ते दुर्मीळ असणार. म्हणजे जिथं सापडेल ती जागा सोन्याची होणार आणि तिथल्या माणसाची पुन्हा माती होणार. राहीबाईनं हिशोब जुळवून टाकला.

"आमच्या उकिरड्यात न्हाई. त्या तिकडं बाळासोच्या उकिरड्यात बग, तितं काय बी निगतं."

बाळासो म्हणजे तिचा चुलत दीर, शेजारच्याच घरातला. दोघांच्या घरामागच्या परड्यांमध्ये हद्दीचे दगड आहेत आणि ते दगड दर पावसाळ्यात राहीबाईच्या बाजूला थोडे सरकतात. दगड पाण्यानं सरकतात, असं बाळासो म्हणतो. भार्गवी त्याच्याकडं गेली, तर तो खुशीनं हुरळूनच गेला. पेपरात फोटो येणार असं त्यानं परस्पर ठरवून टाकलं आणि उद्या सकाळी या, आपण सगळा उकिरडा उकरू, असं तिला सांगितलं.

संध्याकाळी म्हशीचं दूध काढून झाल्यावर राहीबाई घमेलं आणि खोरं घेऊन परड्यात गेली. बाळासो देवळाकडं गेला होता. तिनं चपटा दगड उचलला. ते तिथंच होतं, अंड्यांच्या घोसाला विळखा घालून. भिजल्या साबुदाण्यासारखी अंडी, पण मोठी, एकमेकांत गुंतलेली. खोरं लागलं तसं त्यानं अंग आणखी आवळलं, पण पळालं नाही. मातीसकट सगळं तिनं घमेल्यात घेतलं, हद्दीचे सरकलेले दगड ओलांडले आणि बाळासोच्या उकिरड्यात कडेला खड्डा करून ते पुरलं. उठवायचंच असेल तर आधी बाळासोला उठवा, एवढाच तिचा विचार होता. हात धुतले आणि ती भाकऱ्या थापायला बसली. मन हलकं व्हायला हवं होतं, ते काही झालं नाही.

सकाळी भार्गवी आली. बाळासो धुवट सदरा घालून, केस विंचरून उभा होता. राहीबाई आपल्या परड्यात शेण गोळा करायचं सोंग करत कान तिकडं लावून होती. खुरपं चालू झालं. थोड्या वेळानं खुरपं एकदम थांबलं.

"गावलं का?" बाळासोनं विचारलं.

राहीबाईला राहवलं नाही. ती दगडांपर्यंत गेली आणि वाकून बघू लागली.

बाळासोच्या घरी पाणी तापवायला बंब आहे आणि बंबाची राख रोज उकिरड्यात पडते. तिनं संध्याकाळी खड्डा केला होता तो नेमका राखेच्या थरात. राखेनं अंड्यांतलं पाणी ओढून घेतलं होतं. घोस चुरमुऱ्यासारखा सुकून गेला होता आणि त्यावर मुंग्या चढल्या होत्या. आई थोड्या अंतरावर राखेनं माखून पडली होती. भार्गवीनं तिला ओंजळीत उचललं आणि आपल्या बाटलीतलं पाणी तिच्यावर हळूहळू ओतत राहिली. बऱ्याच वेळानं त्या काळ्या अंगात थोडी हालचाल झाली.

"हिला इथं कुणीतरी आणून टाकलंय," ती म्हणाली. "यांना श्वाससुद्धा बराचसा कातडीतनं घ्यावा लागतो, कोरड्या राखेत या येणारच नाहीत. आणि ही आई अंडी फुटेपर्यंत वेटोळं सोडत नाही, काही खात नाही. तिला तिथनं हलवलं की सगळं संपतं."

बाळासोनं हात झटकले. "म्या न्हाई बा. मला तर साप म्हणूनच भ्या वाटतंय."

सुकलेल्या घोसाकडं राहीबाईला बघवेना. काल तिनं तो घमेल्यात घेतला तेव्हा तो ओला आणि चकचकीत होता.

भार्गवी भिजल्या फडक्यात त्या आईला गुंडाळत स्वतःशीच बोलावं तसं बोलत होती. "मला कळत नाही, ही इथं खाली आलीच कशी. ही जात मी आजवर एकाच ठिकाणी बघितली. वर, खुंटाळ्याच्या जुन्या गावठाणात, पडक्या गोठ्यांच्या जागी. आता तिथंही कमी झालीय. गुरं नाहीत, शेण नाही, नुसतं रान वाढलंय. गेल्या साली एका घराशी सापडली होती. मागं चिंच आहे, दाराचा दगडी उंबरा अजून शाबूत आहे, त्यावर चूड, म्हणजे मशाल, कोरलेली आहे."

राहीबाईच्या हातातली शेणाची पाटी खाली पडली. ती चूड नव्हती. ते कणीस होतं. नाथाजीनं लग्नाच्या वर्षी छिन्नीनं कोरलं होतं आणि त्याला नीट जमलं नव्हतं.

"उंबरा हाय अजून?" तिनं विचारलं.

"आहे. तुमचं घर ते?"

राहीबाई खाली बसली. तिकडं जायला आता परवानगी लागते, आणि परवानगी मागायची तर साहेबाला हात जोडायचे, म्हणून ती कधी गेली नव्हती. आपलं घर कधीच पडून मातीत गेलं असेल असं तिनं मनाशी धरलं होतं. आणि या पोरीनं उंबरा बघितला होता. उंबऱ्याशी बसलीही असेल. तिला पोरीचा राग आला आणि त्याच रागात रडूही आलं.

पदरानं तोंड पुसून मग ती बोलली. ट्रक भरले त्या दिवशी नाथाजीनं भांडीकुंडी राहू दे म्हणून आधी उकिरड्यातलं खत पोत्यांत भरलं होतं. खाली मिळालेली जमीन मुरमाड होती. दुधाला विरजण लागतं तसं नव्या उकिरड्याला जुनं खत पाहिजे, तरच तो लागतो, असं खुंटाळ्याची माणसं मानायची. पोती ओलीच होती. वाटेत ड्रायव्हर वासानं वैतागला होता. ते खत तिनं इथल्या खड्ड्याच्या तळाला घातलं, आणि दुसऱ्याच पावसाळ्यात चपट्या दगडाखाली दुतोंडं दिसलं.

"माझ्यासंगंच आल्याली हायत ती," राहीबाई म्हणाली. "आन् काल सांजच्याला म्याच हलिवली. तुझ्या भ्यानं."

बाळासोचं तोंड उघडंच राहिलं. हे आपल्या उकिरड्यात का आणून टाकलं, हा प्रश्न त्याला सुचायला थोडा वेळ लागणार होता.

"माझ्या भीतीनं?" भार्गवीनं विचारलं.

"खरं सांग पोरी. ही हितं गावली असं तू लिवलंस, तर आमाला परत उठिवणार का?"

भार्गवीनं हातातल्या फडक्यावर आणखी थोडं पाणी ओतलं. राहीबाई तिच्या तोंडाकडं बघत होती, डेअरीतल्या माणसाकडं बघते तशीच. "मला वाटत नाही," पोरगी शेवटी म्हणाली. "पण उद्या कोण काय ठरवील, ते माझ्या हातात नाही. शब्द देता येणार नाही."

हो-नाही न करता पोरीनं लगेच शब्द दिला असता, तर राहीबाईनं तिला त्याच पावली हाकललं असतं. आजवर तिला सगळ्यांनी शब्दच दिले होते. ती गुडघ्यावर हात टेकून उठली.

"गाव लिवतीस का त्यात?"

"लिहावंच लागतं. कुठं सापडलं ते."

"मग खुंटाळं लिव. ही खुंटाळ्याची हायत. तितलं आता कुणाला उठवायचं ऱ्हायलंय?"

"सापडली ती जागाही लिहावी लागेल, मावशी. पण मूळ गाव खुंटाळं आणि ती तुमच्या खताबरोबर इथं आली, हे मी आधी लिहीन. ते खरंच आहे."

"लिव. माझ्याम्होरं लिव."

भार्गवीनं फोन काढला आणि लिहिलं. राहीबाईनं फोन हातात घेतला, डोळे बारीक केले आणि एकेक अक्षर ओठांनी जुळवत खुंटाळं हा शब्द वाचला. मग तिनं तो पुन्हा एकदा वाचला. सरकारी कागदावर तो शब्द तिनं शेवटचा बघितला होता तेव्हा त्याच्यावर आडवी रेघ होती.

तिनं फोन परत दिला, हद्दीचे दगड ओलांडून ती आपल्या परड्यात गेली आणि चपट्या दगडाशी बसली. गोठ्याचं पाणी झिरपून खालची माती अजून ओली होती. भार्गवीनं फडकं सोडलं. आईनं थोडा वेळ काहीच केलं नाही, मग तोंड मातीत खुपसलं आणि सावकाश आत गेली.

"पुढच्या पावसाळ्यात घालंल का परत?" राहीबाईनं विचारलं.

"जगली तर घालेल."

राहीबाईनं दगड होता तसा टेकवला आणि कोपऱ्यानं दाबून बसवला. पलीकडं बाळासो आपल्या हद्दीच्या दगडांकडं बघत उभा होता.

"भावजी," ती न वळता म्हणाली, "राख आता तिकडं लांब टाका. आन् हे दगड बी जरा माघारी घ्या."