मामांची जप्ती

लेकराचा गुडघा फुटला म्हणून टीपॉयला जाब विचारणारा माणूस सगळ्या मराठवाड्यात एकच असेल, आणि ते म्हणजे माझे मोठे मामा. खोटं वाटत असेल तर गारखेड्यात त्यांच्या गल्लीत कुणालाही विचारा. आपल्याकडं लेकरू पडलं की आपण काय करतो? जमिनीला दोन चापट्या मारतो, "हात रे! आमच्या बाळाला पाडतेस व्हय?" म्हणतो, बघ बघ मुंगी मेली म्हणतो, लेकरू हसतं, विषय खतम. मामांचा विषय तिथून सुरू व्हायचा! कारण मामा कोर्टात बेलीफ. लोकांच्या दारात समन्स घेऊन जायचं, हुकूम आला की सामान जप्त करायचं, हे काम. आणि मन एवढं मऊ की जप्तीच्या घरी शरमेनं पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. त्यामुळंच असेल, सगळा सरकारी जोर घरातल्या सामानावर निघायचा. "लेकरू आपण होऊन कधीच पडत नसतं," ते ठणकावून सांगायचे, "कुणीतरी पाडतं. आधी मुद्देमाल शोधा!"

माझ्याच कपाळाला एकदा टीपॉयचा कोपरा लागला. मी भोकाड पसरलं, मामी हळद घेऊन धावली, आणि मामांनी टीपॉय उचलून डोक्यावर घेतला. "चल! एवढं मोठं कपाळ दिसलं नाय व्हय तुला?" असं म्हणत गच्चीवर. गच्ची म्हणजे हवालात! तिथं एक स्टूल होता, एक चौरंग होता, आणि भर मे महिन्यात कूलरचा स्टँड होता, त्यामुळं कूलर फरशीवर आणि गार हवा फक्त सगळ्यांच्या घोट्यांना. पण कहर झाला तो चिमीचं बोट बाथरूमच्या दारात चेमटलं तेव्हा. चिमी म्हणजे मामांची एकुलती एक पोरगी. मामांनी दार बिजागऱ्यांसकट काढलं! मग काय, पडदा लावला, आणि आत कोण आहे हे कळावं म्हणून अंघोळ करणाऱ्यानं तांब्या बादलीवर वाजवत राहायचा. मामी वैतागून म्हणाली, "अहो, पावणे येतेत घरी!" मामा म्हणाले, "गुन्ह्याला पावणे-बिवणे नसतेत." शेवटी मामी स्वतः जामीन राहिली, वर पुरणपोळ्या केल्या, तेव्हा ते दार सुटलं.

पण जखम धुवावी तर मामांनीच! लेकराला ओट्यावर बसवायचे, पाणी सोडायचे, लाल औषध लावताना डोळे गच्च मिटायचे आणि अशी लांबलचक फुंकर घालायचे की आग कुठल्या कुठं. डोळे उघडले की त्यांच्याच डोळ्यांत पाणी. चिमी म्हणायची, "पप्पा, लागलं मला, रडायलात तुम्ही!"

तर सायकल. चिमी चौथीत जाणार होती. गल्लीतल्या सगळ्या पोरींनी ठरवलेलं की जूनपासून शाळेत सायकलीवर जायचं, आणि जिला येणार नाही तिनं बालवाडीच्या पोरांसोबत रिक्षात बसायचं. बालवाडीच्या! चिमीला तो अपमान सहन होणं शक्यच नव्हतं. कन्नड गावच्या नातेवाइकांकडची जुनी निळी सायकल एसटीच्या टपावरून आली. मामांनी ती सगळीकडून फिरून बघितली आणि तिथंच हुकूम सुनावला, "एकदा पाडलं हिनं, की जप्ती." चिमीनं सायकलीकडं बघितलं, मग पप्पांकडं बघितलं, मग परत सायकलीकडं. तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं!

दोन-तीन दिवसांनी चिमी सकाळी लाल स्वेटर घालून बाहेर आली. मे महिना! रस्त्यावरचं डांबर चिकट झालेलं! मामीनं कपाळाला हात लावला, "ताप हाय का गं?" "नाय. थंडी वाजायलीय." त्या स्वेटरवरच जेवण, त्याच्यावरच झोप, आणि त्याच्यावरच सायकल. अन् सायकल लई भारी चालवायला लागली हो! मामा फाटकात उभे राहून जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगायचे, "बघा, एकदापण पाडलं नाय हिनं. खानदानी सायकल हाय."

मग एका संध्याकाळी मामांनी तिला कौतुकानं कोपराला धरून उचललं, आणि चिमी किंचाळली. बाही जखमेला चिकटलेली होती. डॉक्टरांनी ओली करून हळूहळू सोडवली, आत पू झालेला. चिमी रडली नाही, टेबलाची कड धरून छताकडं बघत राहिली. मामा मात्र पांढरे पडलेले.

"मला सांगितलं का नाय?"

"तुम्ही सायकल वर नेली असती."

"दुखलं नाय?"

"लई दुखलं. पण मला रिक्षात नव्हतं बसायचं."



दुसऱ्या दिवशी सकाळी ते गच्चीवर गेले आणि एकेक करून सगळं खाली आणलं. टीपॉय, स्टूल, चौरंग, स्टँड, सगळ्यांची बाइज्जत सुटका! मामी म्हणाली, "देवा, सगळ्यांना एकदम माफी?" "असली गुन्हेगार सापडला," मामा म्हणाले आणि परत वर जाऊन रिकाम्या गच्चीत स्वतः बसले. उन्हात, मांडी घालून! मामी चहा घेऊन गेली, "अहो, ऊन लागंल, लोक बघायलेत." "जप्ती हाय," मामा म्हणाले. शेवटी चिमी गेली, हाताला बँडेज. "मी जामीन राहते, पप्पा. पण एक अट. मागून धरून पळायचं, अन् मी म्हणलं की सोडायचं."

मामा पळाले! बनियन-पायजम्यात, सगळी गल्ली बघत असताना, कॅरिअर धरून. चिमी ओरडली, "सोडा!" ते सोडेनात. "पप्पा, सोडा!" त्यांनी सोडलं, ती सरळ गेली, आणि मामा स्वतःच्याच चपलेत अडकून खडीवर आडवे. चिमी वळून आली, सायकल टाकली, बसली आणि बऱ्या हातानं जमिनीला दोन सणसणीत चापट्या मारल्या. "हात रे! आमच्या पप्पाला पाडतेस व्हय?" मग त्यांच्या गुडघ्यावर वाकून फुंकर घातली. मामा म्हणाले, "नाय लागलं, पोरी. मुंगी मेली."

जूनमध्ये ती सायकलीवर शाळेत गेली. त्यानंतर त्या घरात काहीच जप्त झालं नाही.

चिमी आता नागपूरला होस्टेलवर असते. मागच्या आठवड्यात मी मामांकडं बसलेले होते तर तिचा फोन आला. "पप्पा, गाडीवरून पडले, तळहात सोललाय थोडा." मला वाटलं, आता विचारतील, कुणी पाडलं, कुठला रस्ता, कुठली गाडी! मामांनी एवढंच विचारलं, "धुतलंस का?" मग फोन तोंडापुढं धरला, डोळे गच्च मिटले आणि लांबलचक फुंकर घातली.  पलीकडून चिमी म्हणाली, "अजून एकदा."