माझ्या शोधाचं पान

पेटंटचा अर्ज करण्याआधीच माझ्या शोधाची सगळी कृती मी गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत छापून टाकली. कोणी मागितली नव्हती. मंडळाला एक रिकामं पान भरायचं होतं आणि मला माझा फोटो छापून यायला हवा होता.

कापडमिल बंद पडेपर्यंत मी तिथे पत्रव्यवहार बघायचो. यंत्रं जर्मन, म्हणून मीही थोडी जर्मन शिकलो. आता जवळच्या पिथमपुरात परदेशी कारखाने येणार, असं जो तो सांगत होता. मग काय, रोज दुपारी एका कॉम्प्युटर क्लासात बसून मी जर्मन वाक्यांतल्या व्याकरणाच्या चुका दाखवणारा प्रोग्राम लिहिला; हाच तो शोध. मेहुण्याने देपालपूरच्या डाळमिलमध्ये माझ्यासाठी नोकरी बघून ठेवली होती; सोमवारपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. मी बायकोला सुनावलं की पेटंटवाला माणूस तुरीच्या पोत्यांवर शिक्के मारत बसत नसतो. ती पोळ्या लाटत राहिली.

शनिवारी स्नेहलतागंजातल्या वकिलाकडे गेलो. छाप पडावी म्हणून स्मरणिका नेली, माझं पान उघडूनच त्यांच्यापुढे ठेवली. ते मन लावून वाचत होते आणि मी मनातल्या मनात जर्मन साहेबांना ताटकळत ठेवत होतो. ही किती घरी गेली, त्यांनी विचारलं. घरोघरी, मी स्वतः वाटली, मी छाती फुगवून सांगितलं. तेव्हा त्यांनी शांतपणे समजावलं, की जे आपणच जगजाहीर केलं त्याचं पेटंट मिळत नाही. आणि नुसत्या प्रोग्रामचं तर तसंही कठीणच.

रविवारी मी प्रती परत मागायला निघालो. जणू प्रती घरी आल्या की शोध पुन्हा गुप्त होणार! हाती तीन लागल्या, त्याही भोकं पडलेल्या. माझ्या पानामागे वेशभूषा स्पर्धेतल्या पोरांचे फोटो होते, ते आयांनी कापून घेतले होते. एका घरी तर तिथले भिया म्हणाले, “तुमचा लेख होता का त्यात? हमने तो बच्चों के फोटो देखे.”

मी हरखलो. घरी येऊन बायकोला म्हटलं, “अगं, कोणीच वाचलेलं नाही! सोमवारी परत वकिलाकडे जातो.”

“अहो, फुकट वाटूनही जे कोणी वाचलं नाही, ते चोरायला कोण येणारे?” ती म्हणाली. “दादाला मी शुक्रवारीच हो कळवलंय. उद्या सकाळची देपालपूरची बस पकडा.”