आभाळातून दिसणारा पत्रा

माझ्या साडूइतका आभाळावर विश्वास असलेला माणूस अख्ख्या वाशिम जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि यात मी शिरपूरला दर्शनाला येणारे यात्रेकरूही धरले आहेत! याची नोकरी नागपुरात. उपग्रहाच्या रडारनं टिपलेली चित्रं संगणकावर लावायची आणि रेल्वेचा रूळ कुठे खचतोय ते शोधायचं. हे रडार ढगांतून पाहतं, अंधारात पाहतं, जमीन नखाएवढी बसली तरी ओळखतं, असं तो लग्नाच्या पंगतीत जिलेबी हातात धरून सांगतो. कुणाच्याही घरी गेला की माणसांआधी फरशी न्याहाळतो. "भाऊ, घर बसून राह्यलं तुमचं," हे त्यानं माझ्या वास्तुशांतीच्या दिवशी माझ्या बायकोसमोर जाहीर केलं. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक भेगेचा जाब मी देतो.

आमच्या सासूबाई, म्हणजे आम्हा जावयांच्या मामी, रेल्वेच्या भरावाखालच्या घरात एकट्या राहतात. सासरे गेले तरी त्या घर सोडायला तयार नाहीत. तिथली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि वरचा रूळ हलवते. म्हणून साडूनं परवानगी काढून त्यांच्या परसाला लागून, भरावाच्या उतारावर तीन पत्रे जोडलेला चकचकीत कोपरा बसवला. त्यावरून रडारची लाट परत फिरते आणि चित्रात ठळक ठिपका उमटतो. ठिपका सरकला तर भराव सरकला.

एका उन्हाळ्यात ठिपकाच नाहीसा झाला. साडू भरल्या ताटावरून उठला तो थेट सासुरवाडीला. भराव जागच्या जागी होता. पत्र्यांवर मात्र ओलं धोतर अंथरून मुंगवड्या वाळत होत्या.

"मामी, हे काय करून राह्यल्या तुमी?"

"तिन्हीकडून ऊन धरते हा पत्रा! काहून, तुमच्या उपग्रहाले पायजेत का वड्या?"

शेवटी तह झाला. उपग्रह येण्याच्या आदल्या दिवशी साडूनं फोन करायचा, मामींनी दुसऱ्या दिवशी वड्या उचलून पत्रा पुसायचा. मामी उपग्रहाच्या दिवशी धुतलेलं लुगडं नेसू लागल्या. वरून फोटो निघणार, मळक्या लुगड्यात कसं जायचं?

पुढे त्या ठिपक्यावरूनच भराव खचत असल्याचं कळलं, त्याची दुरुस्ती झाली, तो पक्का झाला. तिथली पाहणी संपली, आता तो ठिपका कुणी बघत नाही. साडू पत्रा आणायला गेला आणि पत्रा तिथेच ठेवून मुंगवड्यांची पिशवी घेऊन परत आला.

परवा त्यानं माझ्या ओसरीवरून फोन लावला. "मामी, उद्या पत्रा पुसजा बरं."

"पुसीन ना, जवाईबापू. मागच्या खेपेले दिसला होता का?"

"लखलख दिसला, मामी."

फोन ठेवून त्यानं माझी फरशी न्याहाळली. पण घर बसतंय असं काही म्हणाला नाही.