भांडी घासायच्या मशीनचं गाऱ्हाणं

आमच्या घरातल्या पुरुषांना उघडता येत नाही अशी वस्तू अजून जन्माला यायची आहे. पुन्हा लावता येत नाही, एवढंच. विहिरीचा पंप, मिक्सर, एकदा तर पाहुण्यांची छत्री, सगळं त्यांनी खोलून पाहिलेलं आहे, आणि त्या सगळ्यातून उरलेले स्क्रू स्वयंपाकघरातल्या फळीवर एका बरणीत जमा आहेत. ती बरणी ते कौतुकाने दाखवतात. लागतील कधीतरी, म्हणतात.

भांडी घासायचं मशीन आमच्याकडे आलं ते माझ्या हातांमुळे. आमचं घर मसुऱ्याच्या बाजूला, माणसांनी भरलेलं. मी हायस्कुलात विज्ञान शिकवते आणि घरी आले की मोरीत बसते. माशाच्या कालवणाच्या टोपाला खोबऱ्याचं वाटण बसलं की ते साबणाने आणि काथ्याने खरवडण्याशिवाय सुटका नसते. त्यात माझ्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. फळ्यावर लिहिताना खडूला रक्त लागायला लागलं, तेव्हा मी कुडाळला डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मलम दिलं आणि साबणाच्या पाण्यात हात घालायचे नाहीत, नाहीतर हे बरं होणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. घरी येऊन हे सांगितलं तर नवरा म्हणाला, हळूहळू घास. मी हळूहळू पैसे साठवले आणि मशीन घेतलं.

सासूबाईंनी नाक मुरडलं. "भांडी घासूक मशीन? मगे फाल्या जेवूकय एक हाड," म्हणजे उद्या जेवायलाही एक आण, एवढं बोलून त्या परसात निघून गेल्या. त्यांच्या हातांच्या भेगा इतक्या जुन्या झाल्या होत्या की त्या कुणी मोजत नव्हतं, सासूबाई स्वतःही नाही.

मे महिना असल्यामुळे मुंबईचा दीर, सासूबाईंचा झील, घरीच होता. त्याने माहितीपुस्तिका न उघडता बाजूला टाकली. मशीनच्या प्लगला तीन पिना आणि आमच्या सॉकेटला दोनच भोकं, म्हणून त्याने अर्थिंगची जाड पिन पकडीने मोडून टाकली. मी अडवायला गेले, तर ती पिन नुसती शोभेची असते असं त्याने मला, नववीला वीज शिकवणारीला, समजावून सांगितलं. मग जमलेल्या मंडळींना आतलं यंत्र दिसावं म्हणून खरकटं अडवणारी तळाची जाळी बाहेर पाटावर काढून ठेवली आणि तिला हळदकुंकू लावलं.

आमच्याकडे नवीन काही आलं की घरातला वडीलधारा देवापुढे गाऱ्हाणं घालतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्यामागून बाकीचे 'व्हय महाराजा' म्हणतात. आमच्या घरात बाकीचे म्हणजे पुरुष. बायकांनी मागे पदर सावरून उभं राहायचं. त्या दिवशी चुलत सासऱ्यांनी खणखणीत गाऱ्हाणं घातलं, ह्या मशिनीक कोणाची नजर लागू नको म्हणाले, आणि पायरीवर फोडायचा तो नारळ मशीनच्या उघड्या दाराच्या काठावर फोडला. पाणी आत गेलं, सोडणाचे, म्हणजे नारळाच्या सालीचे, धागे आत गेले. दिराने हाताने वरवर पुसलं, जाळी परत बसवली, आणि सगळे प्रसादाचं खोबरं खात ओटीवर गेले.

पहिल्या दिवसापासून मशीन मध्येच खडखड करायचं. नवीन आहे, रुळेल, असं नवरा म्हणायचा, जसं काही ते घरात आणलेलं वासरू होतं. पण भांडी निघायची लख्ख. माझ्या भेगा मिटायला लागल्या. आषाढात मी कितीतरी महिन्यांनी लिंबू पिळलं आणि हात झोंबले नाहीत.

श्रावणात मशीन बिघडलं. भांडी धुतली जायची, पण घाण पाणी तळाशी तसंच राहायचं, बाहेर जायचंच नाही. मी कंपनीला फोन केला. तिकडच्या गोड आवाजाने सांगितलं की आमचा पत्ता त्यांच्या सेवाक्षेत्रात येत नाही. विकताना बरा येत होता. घरातल्या निदानांना मात्र तोटा नव्हता. नवऱ्याच्या मते व्होल्टेज कमी होतं. चुलत सासऱ्यांच्या मते बाधा होती. दीर मुंबईहून फोनवरून म्हणाला की बायका भांडी नीट रचत नाहीत, मी येईपर्यंत कुणी हात लावू नका. आणि मी पुन्हा मोरीत.

दीर नारळी पौर्णिमेला आला. आल्या आल्या बाह्या सरसावल्या, सगळ्यांना गोळा केलं आणि मशीनपुढे बसला. खाली पाणी सांडलेलं, पाय अनवाणी, प्लग सॉकेटात तसाच. प्लग काढा, मी म्हटलं. बटण बंद आहे, तो म्हणाला. बटण दुसऱ्याच कुठल्यातरी दिव्याचं होतं. त्याने खालचा पत्रा सोडवून हात आत घातला आणि तसाच मागे उडून त्या घाण पाण्यात बसला. तोंड पांढरंफटक. मला हसू आलं नाही. तो जगला हे त्याचं नशीब. त्यात त्याच्या अकलेचा काडीचाही भाग नव्हता. तो मात्र उठता उठता म्हणाला, "माका काय झाला नाय. मशीनच खराब आसा."

संध्याकाळी ओटीवर निर्णय झाला. मला कुणी विचारलं नाही. मशीन धोक्याचं आहे, ते पडवीत ठेवायचं, आत काजूबिया चांगल्या राहतील, उंदीर शिरणार नाहीत. आणि चतुर्थीला घर भरेल तेव्हा भांड्यांचं काय, हे मी दारातून विचारलं, तर नवरा म्हणाला, रबरी हातमोजे मिळतात की. इतका संताप मला आयुष्यात क्वचितच आला असेल. चतुर्थीचे दिवस म्हणजे सकाळपासून रात्रीपर्यंत पंगती आणि भजनी मंडळींच्या उसळीची पातेली. त्या दिवसांनंतर माझ्या हातांचं काय होणार हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी, मशीन पडवीत जायच्या आधीच, मी वायरमनला बोलावून तीन भोकांचं सॉकेट, नवा प्लग, नीट अर्थिंग आणि वीज गळली की आपोआप बंद करणारा स्विच बसवून घेतला. मग रविवारी पुरुषमंडळी देवळातल्या बैठकीला गेली, तेव्हा कामाला लागले. प्लग उपटला आणि डोळ्यांसमोर ओट्यावर ठेवला. पाण्याचा नळ बंद केला. तळाचं पाणी वाटीने उपसलं, उरलेलं फडक्याने टिपलं. जुनी गोधडी अंथरून मशीन आडवं करायचं होतं आणि ते एकटीला पेलणारं नव्हतं. मी इकडे तिकडे बघत होते, तेवढ्यात सासूबाई आल्या आणि दुसरी बाजू धरली.

खालचं झाकण काढलं. कुठल्या वायरी कुठे आहेत त्याचा आधी फोटो काढला, मगच त्या सोडवल्या. जाड मोजे घातले होते, कारण पत्र्याच्या कडा विळीसारख्या असतात. पाणी बाहेर फेकणारा छोटा पंप वळवून बाहेर काढला. त्याच्या चक्राची पाती तुटली होती, आणि पात्यांच्या मध्ये, सोडणाच्या धाग्यांत गुंडाळलेला, करवंटीचा एक तुकडा घट्ट अडकून बसला होता.

करवंटी मशीनमध्ये मी कधी घातली नव्हती, सासूबाईंनीही नाही. त्यांनी तो तुकडा तळहातावर घेतला, उलटापालटा केला.

"ह्यो गाऱ्हाण्याचो नारळ," त्या म्हणाल्या.

नजर लागू नये म्हणून फोडलेला नारळच मशीनला लागला होता. जाळी होती तिथे असती तर तुकडा वरच अडला असता, पण जाळी तेव्हा पाटावर हळदकुंकू लावून घेत होती.

जुन्या पंपावरचा नंबर पाहून तोच पंप मागवला, त्याच्यासारखा दिसणारा दुसरा नाही. सोबत रबरी रिंगही नवी. तो कुरिअरने कणकवलीपर्यंत आला, तिथून मी घेऊन आले. फोटो बघून वायरी लावल्या, मशीन उभं केलं, खाली कोरडा पेपर पसरला आणि रिकामंच चालवून पाहिलं. पाणी गडगडत बाहेर गेलं. पेपर कोरडा राहिला. सासूबाई शेवटपर्यंत बसून होत्या. मग उठून त्यांनी आपली चहाची कपबशी आत ठेवली. करवंटीचा तुकडा मी फळीवरच्या बरणीत, स्क्रूंच्या वर टाकला. येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येक पुरुषाला तो दिसत होता. हे काय, असं एकानेही विचारलं नाही.

चतुर्थीला घर भरलं. मशीन दिवसभर चालत होतं आणि माझे हात कोरडे होते. दीर पाहुण्यांना सांगत होता की मशीन मुळात चांगलं आहे, थोडं खोलून बघावं लागतं. पूजा झाल्यावर सगळे गणपतीपुढे उभे राहिले. चुलत सासऱ्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं. पीकपाणी झालं, मुंबईच्या नोकऱ्या झाल्या, आणि मग त्यांनी आवाज चढवला. "मशिनीक जी काय बाधा झाली होती ती तू दूर केलंस, माझ्या पुतण्यान हात घातल्यान नि मशीन सुरू झाली, रे महाराजा."

"व्हय महाराजा," पुरुष म्हणाले. दीर सगळ्यांत मोठ्याने.

माझ्या कानशिलाला आग लागली. मी आत जायला वळले, तर शेजारी उभ्या असलेल्या सासूबाईंनी माझं मनगट धरलं. त्या कधी गाऱ्हाण्यात बोलल्या नव्हत्या. त्यांनी पदर सारखा केला आणि देवाकडे बघत, चुलत सासऱ्यांच्याच चालीत म्हणाल्या, "ह्या घरच्या झिलांचे हात मशिनीपासून लांब ठेय, नि माझ्या सुनेचे हात सुके ठेय, रे महाराजा."

मग मागून सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या, "व्हय महाराजा." आणि सवयीचा गुलाम असलेला माझा दीर, डोळे मिटलेले, हात जोडलेले, त्यांच्याबरोबर म्हणून गेला.